निरोप्या कोण निवडणार? डीआय कंटेनर आणि रनटाइमला होणारी निवड

एकच इंटरफेस, त्याची तीन-चार इम्प्लिमेंटेशन्स, आणि त्यातलं कुठलं वापरायचं ते प्रोग्रॅम चालू असतानाच कळणार. डीआय (डिपेंडन्सी इंजेक्शन) कंटेनर, म्हणजे क्लासना लागणारे ऑब्जेक्ट बांधून देणारा कोड, वापरणाऱ्या प्रत्येक टीमला हा प्रश्न कधी ना कधी पडतो. शोधायला गेलं की पाच वेगवेगळी उत्तरं मिळतात आणि पाचही चालतात, कारण डेमोमध्ये एकच रिक्वेस्ट असते आणि एकच थ्रेड.

उदाहरण नेहमीचंच घेऊ. ऑर्डर नोंदली गेली की ग्राहकाला निरोप जायचा आहे: एसएमएसने, ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवर. इंटरफेसचं नाव निरोप्या, त्यात एकच मेथड, पाठव. खाली तीन क्लास: एसएमएसनिरोप्या, ईमेलनिरोप्या, व्हॉट्सॲपनिरोप्या. (सी-शार्पला देवनागरी नावं चालतात, कंपायलर कुरकुर करत नाही. टीम करेल, तो भाग वेगळा.) कंटेनर डॉटनेटबरोबर येतो तोच. त्यात सोयी कमी आहेत, त्यामुळे कुठे काय घडतंय ते उघड दिसतं.

आधी विचारा: रनटाइम म्हणजे नक्की कधी?

"रनटाइमला निवडायचंय" या एका वाक्यात तीन वेगळ्या गरजा दडलेल्या असतात. निवड प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच होते, प्रत्येक रिक्वेस्टला एकदा होते, किंवा एकाच रिक्वेस्टमध्ये समोरच्या डेटानुसार दहा वेळा होते. तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. बहुतेक गोंधळ पहिल्याचं उत्तर तिसऱ्याला लावल्याने होतो.

पहिली गरज सोपी आहे. डेव्हलपरच्या मशीनवर खरे एसएमएस जायला नकोत, म्हणून तिथे फाइलमध्ये लिहिणारा खोटा निरोप्या हवा. रजिस्ट्रेशनच्या जागी, म्हणजे कुठल्या इंटरफेसला कुठला क्लास हे कंटेनरला सांगता तिथे, एक इफ-एल्स लिहा आणि मोकळे व्हा. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. रजिस्ट्रेशनच्या वेळी कॉन्फिगरेशनमधून वाचलेली किंमत तिथेच गोठते. नंतर सेटिंग्जची फाइल बदलली, ती आपोआप रीलोडही झाली, तरी निवड बदलत नाही, रीस्टार्ट लागतोच. दुसरं म्हणजे एकाच इंटरफेसवर दोन रजिस्ट्रेशन्स झाली तर एकटा निरोप्या मागणाऱ्याला शेवटचा मिळतो, आणि वॉर्निंग वगैरे काही येत नाही. एखाद्या लायब्ररीची एक्स्टेन्शन मेथड तुमच्या ओळीनंतर बोलावली गेली तर तुमचा निरोप्या गुपचूप मागे पडतो. लायब्ररीने ट्रायॲड वापरलं असेल तर उलट होतं: आधीची नोंद असेल तर ती स्वतःची घालत नाही. खात्रीने आपलंच हवं असेल तर आधीची नोंद काढून आपली घालणारं रिप्लेस वापरा, तेही सगळ्यात शेवटी.

प्रत्येक रिक्वेस्टला एकदा

एकच ॲप्लिकेशन अनेक दुकानदार वापरतात आणि प्रत्येकाचा एसएमएस पुरवठादार वेगळा, अशी ही स्थिती. इथे स्कोप्ड रजिस्ट्रेशन (एका रिक्वेस्टपुरता एक ऑब्जेक्ट) आणि लॅम्डा फॅक्टरी (ऑब्जेक्ट बांधून देणारं छोटं फंक्शन) बरोबर बसते: लॅम्डाला सर्व्हिस प्रोव्हायडर मिळतो, त्यातून चालू दुकानदाराची माहिती घ्यायची आणि योग्य निरोप्या परत द्यायचा.

मोह होतो तो याच लॅम्डात डेटाबेसला विचारण्याचा. फॅक्टरी सिंक्रोनस आहे, तिथे अवेट चालत नाही. मग कोणीतरी डॉट रिझल्ट लावतो, म्हणजे उत्तर येईपर्यंत थ्रेड अडवून ठेवतो. दोन युजर असेपर्यंत चालतं. गर्दीच्या वेळी थ्रेडपूलमधले थ्रेड उत्तराची वाट पाहत अडकून बसतात, सीपीयू निवांत आणि साइट ठप्प. दुकानदाराचा शोध मिडलवेअरमध्ये (रिक्वेस्ट आत येताना चालणाऱ्या कोडमध्ये) असिंक करा, उत्तर एका स्कोप्ड ऑब्जेक्टमध्ये ठेवा, आणि लॅम्डाने फक्त तो ऑब्जेक्ट वाचावा. एचटीटीपी कॉन्टेक्स्टमधून थेट वाचणंही टाळा. हाच कोड उद्या बॅकग्राउंड जॉबमधून चालेल, आणि तिथे कॉन्टेक्स्ट नल असतो.

यापेक्षा महागात पडते ती कैद झालेली डिपेंडन्सी. एखादा सिंगलटन क्लास, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमसाठी एकच ऑब्जेक्ट असलेला, कन्स्ट्रक्टरमध्ये निरोप्या मागतो. निरोप्या स्कोप्ड आहे, पण सिंगलटन एकदाच तयार होतो, त्यामुळे तेव्हा बनलेला एकच निरोप्या त्याच्या हातात कायमचा राहतो, मग रिक्वेस्ट कुठल्याही दुकानदाराची असो. परिणाम काय? एका दुकानाच्या ग्राहकांना भलत्याच खात्यातून निरोप जाऊ शकतात, आणि एररचा पत्ता नसतो. स्कोपची तपासणी करणारं व्हॅलिडेटस्कोप्स हे सेटिंग नेहमीच्या होस्टमध्ये डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंटपुरतंच आपोआप चालू असतं. स्टेजिंगवरही ते हाताने चालू करा. त्याचा जोडीदार व्हॅलिडेटऑनबिल्ड सुरुवातीलाच सगळी रजिस्ट्रेशन्स तपासतो, पण लॅम्डाच्या आत काय मागितलंय ते त्याला दिसत नाही. म्हणजे जिथे गडबडीची शक्यता जास्त, नेमकं तिथेच ते आंधळं असतं. बिल्ड हिरवा आला म्हणून लॅम्डा बरोबर आहे असं धरून चालू नका.

डेटा बघून निवड

खरा विषय हा. आता निवड फक्त ग्राहकाच्या पसंतीवर अवलंबून नाही, मजकुरावरही आहे. मराठी एसएमएस साधारणपणे युनिकोडमध्ये जातो. एका एसएमएसचं पोट १४० बाइटचं. इंग्रजी अक्षरं ७ बिटांत बसतात म्हणून १६० मावतात. देवनागरीला प्रत्येकी २ बाइट, म्हणून ७०. मजकूर त्यापुढे गेला की तुकडे जोडण्यासाठी प्रत्येक तुकड्यात ६ बाइटचं हेडर लागतं आणि एका तुकड्यात ६७ च उरतात. शिवाय ही ७० म्हणजे आपण मोजतो ती अक्षरं नव्हेत. "निरोप्या" हा शब्द आपल्या लेखी तीन अक्षरांचा. युनिकोडमध्ये न, वेलांटी, र, ओकार, प, हलन्त, य, काना असे ८. सी-शार्पमधली स्ट्रिंगची लेंथ हेच ८ देते, त्यामुळे हिशोबाला ती थेट चालते. १५० लांबीचा मराठी मजकूर म्हणजे ३ तुकडे, आणि बिल तुकड्यांवर.

मग नियम असा होतो: ओटीपी असेल तर एसएमएसच. मजकूर १३४ च्या वर, म्हणजे दोन तुकड्यांत न मावणारा, आणि ग्राहकाने व्हॉट्सॲपला संमती दिली असेल तर व्हॉट्सॲप. नाहीतर ग्राहकाची पसंती.

हा नियम कंटेनरच्या लॅम्डात लिहू नका. तो एका साध्या फंक्शनमध्ये जाऊ द्या: आत ग्राहक आणि मजकूर, बाहेर मार्ग नावाच्या ईनमची (ठरावीक किमतींच्या यादीची) एक किंमत. त्याला ना कंटेनर ठाऊक, ना निरोप्या. त्याची टेस्ट लिहायला मॉकसुद्धा (टेस्टपुरता खोटा ऑब्जेक्ट) लागत नाही. "कुठला मार्ग" हे ठरवणं तुमच्या धंद्याचं काम आहे, आणि "त्या मार्गाचा निरोप्या आणून दे" एवढंच कंटेनरचं. ही दोन कामं एकाच लॅम्डात मिसळली की नियम बदलायला आलेला माणूस स्टार्टअपच्या फाइलमध्ये येऊन पोचतो.

आता मार्ग हातात आहे, निरोप्या कसा मिळवायचा?

जुना रस्ता म्हणजे सगळेच मागून घेणं. कन्स्ट्रक्टरमध्ये आयइन्युमरेबल ऑफ निरोप्या लिहिलं की कंटेनर सगळी इम्प्लिमेंटेशन्स रजिस्ट्रेशनच्या क्रमाने देतो. प्रत्येक निरोप्यावर मार्ग नावाची प्रॉपर्टी असते, जुळणारा घ्यायचा. इम्प्लिमेंटेशन्स हलकी असतील तर हे आजही उत्तम आहे. अडचण अशी की एक हवा असला तरी सगळे तयार होतात. त्यातल्या ईमेलनिरोप्याने कन्स्ट्रक्टरमध्येच मेल सर्व्हरचं कनेक्शन उघडलं असेल, तर प्रत्येक एसएमएसमागे एक फुकटचं कनेक्शन उघडतं, आणि मेल सर्व्हर बंद पडला की एसएमएसही जायचे थांबतात. कन्स्ट्रक्टरमध्ये काम करू नये हा नियम इथे थेट पैशात मोजता येतो. दुसरी ठेच: यादीची डिक्शनरी केली आणि तेच मॉड्यूल चुकून दोनदा रजिस्टर झालेलं असलं, तर दुहेरी कीमुळे तिथेच आर्ग्युमेंट एक्सेप्शन. ट्रायॲडइन्युमरेबल वापरलं तर दुसरी नोंद गाळली जाते. मात्र ते इम्प्लिमेंटेशनचा टाइप बघून ओळखतं. लॅम्डा नुसता निरोप्या परत देत असेल तर त्याला फरक कळत नाही आणि ते स्वतःच एक्सेप्शन टाकतं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये डॉटनेट ८ बरोबर आल्या कीड सर्व्हिसेस. मराठीत वाचताना पिकाला लागलेली कीड डोळ्यांसमोर येते, म्हणून पुढे चावी म्हणू. रजिस्टर करताना चावी द्यायची, मागताना तीच द्यायची. मेथडची नावं इथे देवनागरीत, एडिटरमध्ये अर्थातच रोमनमध्ये:

सर्व्हिसेस.ॲडकीडस्कोप्ड<निरोप्या, एसएमएसनिरोप्या>(मार्ग.एसएमएस);
सर्व्हिसेस.ॲडकीडस्कोप्ड<निरोप्या, ईमेलनिरोप्या>(मार्ग.ईमेल);
सर्व्हिसेस.ॲडकीडस्कोप्ड<निरोप्या, व्हॉट्सॲपनिरोप्या>(मार्ग.व्हॉट्सॲप);

चावीवाला निरोप्या कन्स्ट्रक्टरमध्ये मागायला फ्रॉमकीडसर्व्हिसेस हे ॲट्रिब्यूट आहे, आणि अर्धे लेख तिथेच संपतात. पण ॲट्रिब्यूटमधली चावी कंपाइलच्या वेळीच ठरलेली असावी लागते. म्हणजे "ओटीपीच्या क्लासला नेहमी एसएमएसच" या कामाला ते योग्य आहे. डेटा बघून निवडायच्या कामाला नाही. त्यासाठी एक छोटा क्लास लागतो, निरोप्यानिवड. कन्स्ट्रक्टरमध्ये आयसर्व्हिसप्रोव्हायडर, आणि एकच मेथड, जी मार्ग घेते आणि गेटरिक्वायर्डकीडसर्व्हिसने निरोप्या परत देते. पाच-सहा ओळी.

हा सर्व्हिस लोकेटर (लागेल ते कंटेनरकडे स्वतः मागणारा कोड) नाही का? आहे. पण एकाच क्लासमध्ये, रजिस्ट्रेशनच्या फाइलशेजारी कोंडलेला. बाकीचा कोड निरोप्यानिवड मागतो, कंटेनर मागत नाही. प्रोव्हायडर दहा क्लासमध्ये पसरला की कोणाला काय लागतं ते कन्स्ट्रक्टर वाचून कळेनासं होतं, खरी तक्रार ती.

निरोप्यानिवड स्कोप्डच ठेवा. सिंगलटन केला तर त्याच्या हाती मूळ प्रोव्हायडर येतो. स्कोपची तपासणी चालू असेल तर स्कोप्ड निरोप्या मागताच एक्सेप्शन. बंद असेल तर तोच निरोप्या सगळ्या रिक्वेस्टना वाटला जातो. आणि निरोप्ये ट्रान्झियंट (दर मागणीला नवे) व डिस्पोजेबल (काम झाल्यावर बंद करावे लागणारे) असतील तर मूळ प्रोव्हायडर प्रत्येकाला प्रोग्रॅम संपेपर्यंत धरून ठेवतो. मेमरी रोज थोडी थोडी वाढते आणि गार्बेज कलेक्टरला शिव्या बसतात. बॅकग्राउंड सर्व्हिस स्वतः सिंगलटन असते, म्हणून तिथे स्कोप फॅक्टरी घेऊन प्रत्येक कामाला नवा स्कोप उघडा, त्यातूनच निरोप्यानिवड मागा आणि काम झालं की स्कोप बंद करा.

चावीच्या खोड्या

चावीचा टाइप ऑब्जेक्ट आहे आणि जुळणी इक्वल्सने होते. एवढ्या एका गोष्टीतून बऱ्याच भानगडी निघतात. स्ट्रिंग चावी असेल तर लहान लिपीतला आणि कॅपिटलमधला एसएमएस या दोन वेगळ्या चाव्या. ईनम चावी असेल आणि डेटाबेसमधून आलेला पूर्णांक १ तसाच पुढे गेला, तर ईनमची किंमत १ असूनही जुळत नाही, कारण ऑब्जेक्ट म्हणून दोघांचे टाइप वेगळे. हे कोड वाचून लवकर लक्षात येत नाही, डीबगरमध्ये दोन्ही १ च दिसू शकतात. म्हणून निरोप्यानिवडच्या मेथडने ऑब्जेक्ट नव्हे, मार्ग हाच टाइप घ्यावा.

नल त्याहून वात्रट. चावी नल दिली तर कंटेनर ती बिनचावीची मागणी समजतो. बिनचावीचा एखादा निरोप्या रजिस्टर असेल तर तो मिळतो, आणि ज्याची पसंती नोंदलेलीच नाही त्या ग्राहकाला भलत्याच मार्गाने निरोप जातो. एरवी दोन्ही जगं एकमेकांना दिसत नाहीत: बिनचावी मागितलं तर चावीवाली नोंद मिळत नाही, आयइन्युमरेबलमध्येही येत नाही. जुन्या यादीच्या पद्धतीवरून चावीवर येताना यादी एकदम रिकामी होते ती यामुळेच.

एनीकी नावाची चावी कुठल्याही चावीला उत्तर देते. सरसकट वापरू नका. सिंगलटनला ती लावली तर प्रत्येक वेगळ्या चावीमागे एक स्वतंत्र इन्स्टन्स बनतो. चावी बाहेरून, म्हणजे युआरएलमधून वगैरे येत असेल, तर बाहेरचा माणूस तुमची मेमरी हवी तितकी भरू शकतो.

आता सगळ्यात फसवी जागा. एसएमएसनिरोप्याला एचटीटीपीक्लायंट लागतो, म्हणून ॲडएचटीटीपीक्लायंटने तो टाइप्ड क्लायंट (स्वतःच्या सेटिंगचा एचटीटीपीक्लायंट मिळणारा क्लास) म्हणून रजिस्टर केला, बेस ॲड्रेस आणि टोकन तिथेच दिलं. नंतर वरची चावीची ओळ लिहिली. सगळं कंपाइल होतं, ऑब्जेक्टही तयार होतो, आणि पहिल्याच एसएमएसला तक्रार येते की रिक्वेस्टचा पत्ता पूर्ण नाही आणि बेस ॲड्रेसही दिलेला नाही. कारण चावीच्या ओळीने कंटेनरला सांगितलं की हा क्लास तूच बांध. कंटेनरने कन्स्ट्रक्टर पाहिला, एचटीटीपीक्लायंट हवा असं दिसलं, आणि कोणतंही सेटिंग नसलेला सर्वसाधारण क्लायंट दिला. टाइप्ड क्लायंटची वाट वापरलीच गेली नाही. उपाय म्हणजे चावीच्या नोंदीत क्लासचं नाव न देता लॅम्डा द्यायचा, जो प्रोव्हायडर आणि चावी घेतो आणि प्रोव्हायडरकडे थेट एसएमएसनिरोप्या मागतो. मग टाइप्ड क्लायंटचीच नोंद वापरली जाते. याच कारणाने असा निरोप्या सिंगलटन करू नये: क्लायंटच्या पोटातला हँडलर फॅक्टरी मुळात २ मिनिटांनी बदलते, पण सिंगलटनने धरून ठेवलेला बदलत नाही आणि पुरवठादाराचा आयपी बदलला तरी तो जुन्याच दारावर थाप मारत राहतो.

एक मार्ग बंद पडला तर दुसऱ्याने पाठवायचं असेल, तर तो निर्णय बोलावणाऱ्या कोडमध्ये किंवा वेगळ्या संयुक्त निरोप्यात असू द्या. संयुक्त निरोप्या स्वतःही निरोप्या म्हणून बिनचावी रजिस्टर केला आणि त्याने बिनचावी यादी मागितली, तर यादीत तो स्वतःही येतो. क्लास म्हणून रजिस्टर असेल तर कंटेनर हे चक्र ओळखून एक्सेप्शन देतो; लॅम्डातून केलं असेल तर चक्र त्याला दिसत नाही आणि प्रोग्रॅम कोसळतो किंवा अडकून बसतो. सदस्य चावीवाले आणि संयुक्त बिनचावी, अशी विभागणी केली की हा प्रश्नच उरत नाही.

चालू असताना स्विच फिरवायचा असेल

"आज व्हॉट्सॲप बंद ठेवा" हे रीस्टार्ट न करता हवं असेल तर मार्ग ठरवणाऱ्या फंक्शनला सेटिंग द्या, रजिस्ट्रेशनला हात लावू नका. सेटिंग वाचायच्या दोन वाटा आहेत. ऑप्शन्सस्नॅपशॉट रिक्वेस्टभर एकच किंमत देतो, पण तो स्कोप्ड आहे, सिंगलटनला मिळत नाही. ऑप्शन्समॉनिटर सिंगलटनमध्ये चालतो, पण किंमत रिक्वेस्टच्या मध्येच बदलू शकते. एकाच ऑर्डरचे दोन निरोप दोन मार्गांनी जातील. त्यामुळे मॉनिटर वापरत असाल तर कामाच्या सुरुवातीला किंमत एकदा वाचून व्हेरिएबलमध्ये धरा. डॉकरमध्ये माउंट केलेल्या फोल्डरमधली फाइल बदलल्याची सूचना कित्येकदा आत पोचतच नाही. तेव्हा फाइल वॉचरला पोलिंगवर टाकणारा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावावा लागतो.

दुसरीकडे हेच वेगळ्या नावांनी आहे. ऑटोफॅकमध्ये (डॉटनेटचाच दुसरा कंटेनर) आयइंडेक्स थेट कन्स्ट्रक्टरमध्ये मागता येतो, चावी द्या आणि निरोप्या घ्या, त्यामुळे निरोप्यानिवड लिहावाच लागत नाही. जावाच्या स्प्रिंगमध्ये स्ट्रिंग ते निरोप्या असा मॅप मागितला की बीनच्या (कंटेनरने बांधलेल्या ऑब्जेक्टच्या) नावांनी भरून मिळतो. सोयीचं आहे, पण नाव स्पष्ट दिलं नसेल तर ते क्लासच्या नावावरून ठरतं. कोणी क्लासचं नाव बदललं की डेटाबेसमध्ये साठवलेलं जुनं नाव कशालाच जुळत नाही.

शेवटचं काम टेस्टचं, कारण विसरलेली चावी कंपायलरला दिसत नाही आणि व्हॅलिडेटऑनबिल्डलाही नाही. ती कळते कोणीतरी तो मार्ग निवडल्यावर. टेस्टमध्ये ॲप्लिकेशनचीच रजिस्ट्रेशनची मेथड बोलवा, वेगळी लिहू नका. व्हॅलिडेटस्कोप्स आणि व्हॅलिडेटऑनबिल्ड या दोन्ही तपासण्या चालू ठेवून प्रोव्हायडर बांधा, एक स्कोप उघडा, मार्ग ईनमच्या सगळ्या किमतींवर लूप चालवा आणि प्रत्येकीसाठी निरोप्यानिवडला निरोप्या मागा. मिळालेल्या क्लासचा टाइपही तपासा, नाहीतर ईमेलच्या चावीवर कॉपी-पेस्टमध्ये राहिलेला एसएमएसनिरोप्या टेस्टमधून आरामात सुटतो. उद्या ईनममध्ये टेलिग्राम आला आणि रजिस्ट्रेशनची ओळ राहिली, तर ही टेस्ट त्याच दिवशी लाल होईल.